बेरजेंतील पूज्य

मराठी मुलुखांतील जुन्या शाळांतून उजळणी म्हणतांना मुलें 'एकावर पूज्य दहा, दोनावर पूज्य वीस' असा घोष करीत. शून्याला 'पूज्य' म्हणण्याची ही रीत आतां बहुतेक शाळांतून मावळली आहे. परंतु वडीलधाऱ्या माणसांच्या तोंडीं तो शब्द क्वचित् अजूनहि ऐकूं येतो. ह्या शब्दाला दोन अगदीं विरुद्ध अर्थ लाभले आहेत. ज्याच्यापुढें मस्तक लववावें तें पूज्य. आणि सारा हिशेब केल्यावर ज्याच्या गांठीं कांहींच उरलें नाहीं, त्याची बाकीहि पूज्यच. आदर आणि अभाव ह्या दोहोंचा बोध एकाच शब्दानें व्हावा, ही गोष्ट प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटते. शून्य बेरजेंत काय काम करतें हें नीट पाहिलें, म्हणजे मात्र तो चमत्कारिकपणा पुष्कळसा नाहींसा होतो.

प्राथमिक शाळेंतील एक प्रसंग श्रोत्यांनीं डोळ्यांसमोर आणावा. गुरुजींनीं फळ्यावर सातांत शून्य मिळवून सात हें उत्तर लिहिलें. मग पंचवीसांत शून्य मिळवून पंचवीस लिहिलें. अशीं चार-पांच उदाहरणें झाल्यावर पुढच्या रांगेंतील एक मुलगी उभी राहिली आणि घरीं आजीकडून शिकलेल्या शब्दांत तिनें विचारलें, "गुरुजी, उत्तर बदलतच नाहीं, तर मग पूज्य मिळवायचें तरी कशाला?" वर्गांत हंशा पिकला आणि ती बिचारी ओशाळून खालीं बसली. तिनें ओशाळण्याचें वस्तुतः कांहींएक कारण नव्हतें. जिच्यामुळें कांहींच फरक पडत नाहीं अशी वस्तु संख्या कशी असूं शकेल, आणि असलीच तर तिचा उपयोग काय, हा प्रश्न मोठमोठ्या गणितज्ञांनाहि पडलेला आहे. आणि त्याचें पूर्ण उत्तर हातीं येण्यास कित्येक शतकें लागलेलीं आहेत.

ह्या प्रश्नाचा उलगडा करण्यापूर्वीं एक गोष्ट वेगळी काढली पाहिजे. शून्याचीं कामें दोन आहेत. पहिलें काम जागा राखण्याचें. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चतुर्भुजाच्या मंदिरांत इ. स. ८७६ मधील एक शिलालेख आहे. देवाच्या फुलबागेसाठीं दिलेल्या जमिनीच्या मापांत २७० हात, आणि देवाला रोज अर्पावयाच्या माळांच्या संख्येंत ५०, असे आंकडे त्यांत शून्याच्या चिन्हासह कोरलेले आहेत. ह्या २७० मधील शून्य पुसून टाकलें तर बागेची लांबी एकदम २७ हातांवर येईल. तेव्हां येथें शून्यानें फरक पडत नाहीं असें म्हणण्याची सोय नाहीं. तें स्वतः रिकामें असलें तरी शेजारच्या अंकांना त्यांच्या जागीं बसवितें. सातावर शून्य दिलें कीं सत्तर होतात. सातांत शून्य मिळविलें कीं सातच राहतात. मराठी भाषेनें 'वर' आणि 'त' ह्या दोन लहानशा प्रत्ययांनीं हा भेद स्पष्ट दाखविला आहे. पण पाटीवर आंकडे मांडतांना मुलांचा घोटाळा होतो तो नेमका ह्याच ठिकाणीं.

शून्याचें दुसरें काम म्हणजे स्वतः एक संख्या होऊन हिशेबांत उतरण्याचें. हें काम पहिल्यापेक्षां अधिक कठीण होतें. प्राचीन बाबिलोनियांतील लेखकहि आंकड्यांमधील रिकामी जागा दाखविण्यासाठीं एक खूण करीत असत. परंतु त्या खुणेला संख्या मानून तिची बेरीज-वजाबाकी करण्यापर्यंत ते गेले नाहींत. तें पाऊल ज्या ग्रंथांत स्पष्टपणें पडलेलें दिसतें, तो ग्रंथ म्हणजे ब्रह्मगुप्ताचा 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त'. आज राजस्थानांत असलेल्या भिनमाळ ह्या गांवाशीं ज्याचें नांव जोडलेलें आहे, त्या ब्रह्मगुप्तानें हा ग्रंथ इ. स. ६२८ मध्यें, वयाच्या तिसाव्या वर्षीं रचला. त्याच्या अठराव्या अध्यायांत धन, ऋण आणि शून्य ह्या तिहींच्या बेरजेचे नियम दिलेले आहेत. दोन धनांची बेरीज धन, दोन ऋणांची बेरीज ऋण. धन आणि ऋण एकत्र आल्यास त्यांतील अंतर घ्यावें, आणि दोन्हीं सारखीं असल्यास बेरीज शून्य. त्याच ओघांत तो सांगतो कीं, ऋणांत शून्य मिळविलें तर ऋणच राहतें, धनांत मिळविलें तर धनच राहतें, आणि शून्यांत शून्य मिळविलें तर शून्य.

धन आणि ऋण हे शब्द उघडच पेढीवरचे आहेत, आणि पेढीवरच त्यांचा अर्थ चटकन् ध्यानांत येतो. एका गृहस्थापाशीं पांचशें रुपये रोख आहेत आणि दुसऱ्याचें पांचशें रुपये देणेंहि आहे. दुसरा एक गृहस्थ असा कीं, त्याच्यापाशीं रोख नाहीं आणि देणेंहि नाहीं. दोघांची स्थिति सारखी नाहीं. पहिल्याच्या मागें सावकाराचा तगादा असेल, दुसऱ्याच्या मागें नसेल. तरीहि जमा आणि नावें ह्यांचा मेळ घातला तर दोघांच्या हिशेबाची बाकी एकच, शून्य. तिसरा एक असा कीं, त्याचा हिशेब अद्याप कोणीं मांडलेलाच नाहीं. त्याच्या नांवापुढें मात्र शून्य लिहितां येत नाहीं. तेथें जागा कोरीच ठेवावी लागते. शून्य हें मोजणीचें उत्तर आहे, आणि कोरी जागा ही मोजणी न झाल्याची खूण आहे. हा भेद सूक्ष्म दिसतो. परंतु पुढें त्याचाच मोठा प्रश्न होतो.

ब्रह्मगुप्तानें नियम सांगितले तरी शंका लगेच मिटली असें नाहीं. भारतांतील अंकपद्धति अरबी गणितज्ञांच्या द्वारें पश्चिमेस गेली. 'शून्य' ह्या शब्दाचा अर्थ घेऊन अरबींत 'सिफ्र' हा शब्द रूढ झाला, त्याचें लॅटिनमध्यें 'झेफिरम' झालें, आणि त्यावरूनच पुढें 'झीरो' हा शब्द निघाला. इटलींतील पिसा येथील लिओनार्दो, ज्याला पुढें फिबोनाची म्हणूं लागले, त्यानें इ. स. १२०२ मध्यें आपल्या ग्रंथांत ही पद्धति युरोपच्या व्यापाऱ्यांपुढें मांडली. तेथें त्यानें एकापासून नवापर्यंतच्या नऊ आकृतींना अंक म्हटलें, आणि शून्याला मात्र चिन्ह म्हटलें. नऊ अंक आणि एक चिन्ह, अशी ही पंक्तिभेदाची मांडणी होती. वर्गांतील मुलीच्या मनांत जी शंका होती, तिचीच छाया ह्या शब्दयोजनेंत दिसते.

आतां मूळ प्रश्नाकडे वळावें. एखाद्या संख्येंत शून्य मिळविलें असतां ती संख्या जशीच्या तशी राहते, आणि शून्यांत ती संख्या मिळविली तरीहि तीच राहते. ह्या गुणामुळें गणिताच्या भाषेंत शून्याला बेरजेचा 'अविकारक' म्हणतात. विकार म्हणजे बदल. जो बदल घडवीत नाहीं तो अविकारक. हा शून्याचा दुबळेपणा आहे असें वाटण्याचा संभव आहे. परंतु ह्याच गुणानें शून्याची ओळख पटते. एखादा मनुष्य त्याच्या हुद्द्यावरून ओळखावा, तसें बेरजेच्या राज्यांत शून्य हें ह्या कामावरून ओळखलें जातें.

ह्या हुद्द्यावर एकाच वेळीं दोघांना बसतां येत नाहीं, ही गोष्टहि थोड्या विचारानें सिद्ध होते. समजा, 'आपल्यामुळें कोणत्याहि संख्येंत बदल होत नाहीं' असा दावा करणारे दोन उमेदवार पुढें आले. त्या दोघांचीच बेरीज करून पाहावी. पहिला खरा अविकारक असेल, तर बेरजेचें उत्तर दुसरा उमेदवार हें आलें पाहिजे, कारण पहिल्यानें दुसऱ्यांत बदल करतां कामा नये. दुसरा खरा असेल, तर त्याच न्यायानें उत्तर पहिला उमेदवार हें आलें पाहिजे. एका बेरजेचीं दोन उत्तरें असूं शकत नाहींत. म्हणून ते दोघे एकच होत. दोन ओळींत संपणारी ही सिद्धता आहे, आणि तिच्यासाठीं पाटी-पेन्सिलीचीहि आवश्यकता नाहीं.

शून्याचें महत्त्व त्याच्या वाटोळ्या आकृतींत नसून ह्या कामांत आहे, ह्याचा दाखला भिंतीवरच्या घड्याळांत मिळतो. तीन वाजले असतां बारा तासांनीं तास-कांटा कोठें येईल? पुन्हां तीनावरच. आठावर बारा तास मिळविले तर आठ. घड्याळाच्या तबकडीवर शून्य लिहिलेलें नसतें; परंतु तेथील बेरजेंत अविकारकाचें काम बारा हा आंकडा बिनतक्रार करीत असतो. चिन्ह बदललें, जागा बदलली, तरी काम तेंच राहिलें. गुणाकारांत हें काम एक ही संख्या करते. सातांची एक पट सातच. म्हणजे प्रत्येक व्यवहारांत 'न बदलविणारा' कोण, हा प्रश्न विचारावा लागतो. बेरजेपुरतें त्याचें उत्तर शून्य असें आहे. शाळेच्या पुस्तकांत नैसर्गिक संख्या एकापासून सुरू होतात आणि पूर्ण संख्या शून्यापासून. नैसर्गिक संख्यांत बेरीज आहे, पण तिचा अविकारक नाहीं. तो हवा असल्यास शून्याला आंत घ्यावेंच लागतें.

तरीहि 'मिळवायचें कशाला' हा प्रश्न उरतोच. त्याचें उत्तर असें कीं, न बदलणें म्हणजे काय हें एकदां निश्चित झाल्यावांचून बदललेलें पूर्ववत् करणें शक्य होत नाहीं. एका संख्येंत आठ मिळविले तेव्हां वीस झाले. ती संख्या कोणती? कोणताहि विद्यार्थी विसांतून आठ वजा करून बारा म्हणेल. परंतु मधल्या पायरीवर काय घडलें तें पाहावें. मिळविलेले आठ आणि वजा केलेले आठ हे एकमेकांस भेटले आणि त्यांचें शून्य झालें. त्यानंतर मूळ संख्येपाशीं फक्त शून्य उरलें. आणि शून्य कोणालाहि बाधत नाहीं, म्हणून मूळ संख्या निखळ हातीं आली. उत्तर लिहितांना ही पायरी कोणी लिहीत नाहीं. पण तीच नसती तर समीकरण सुटलें नसतें. आठ आणि उणे आठ ह्यांना परस्परांच्या विरुद्ध संख्या म्हणतात, तें त्यांची बेरीज शून्य येते म्हणूनच. शून्य नसेल तर विरुद्ध संख्येची व्याख्याच करतां येणार नाहीं. आणि ती नसेल तर ऋणाचा हिशेबहि बंद पडेल.

शून्यानें गुणलें असतां शून्यच कां येतें, ह्याचेंहि कारण ह्याच गुणांत आहे. शून्यांत शून्य मिळविलें तर शून्यच. आतां दोन्हीं बाजूंची पांच पट करावी. एकीकडे शून्याची पांच पट दोनदां येईल, दुसरीकडे तीच एकदां येईल, आणि दोन्हीं बाजू समान असतील. दोहोंकडून ती पांच पट एकेकदां काढून घेतली, म्हणजे एकीकडे शून्याची पांच पट उरते आणि दुसरीकडे शून्य. पांचांच्या ऐवजीं कोणतीहि संख्या घेतली तरी निकाल हाच. बेरजेंत जें अत्यंत निरुपद्रवी, तेंच गुणाकारांत समोरच्याचें अस्तित्व पुसून टाकतें. आणि ह्या दोन्हीं गोष्टी एकाच स्वभावांतून निघतात.

हा दुहेरी स्वभाव ओळखण्यांत मोठमोठ्यांचीहि चूक झालेली आहे. शून्याला शून्यानें भागलें तर शून्य येतें, असें ब्रह्मगुप्तानें लिहिलें. नवव्या शतकांत राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळीं 'गणितसारसंग्रह' रचणाऱ्या महावीराचार्यानें तर संख्येला शून्यानें भागलें असतां ती तशीच राहते असें सांगितलें. म्हणजे बेरजेंतील शून्याचा गुण त्यानें भागाकाराला लावला. भास्कराचार्यानें इ. स. ११५० च्या सुमारास अशा राशीला 'खहर' हें निराळें नांव दिलें आणि तींत कांहीं मिळविलें वा तींतून कांहीं काढलें तरी तिच्यांत विकार होत नाहीं असें म्हटलें; ती नेहमींच्या संख्यांसारखी नाहीं एवढें त्यानें अचूक हेरलें होतें. ह्याच भास्कराचार्याच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून त्याचा नातू चांगदेव ह्यानें तेराव्या शतकाच्या आरंभीं खानदेशांत, चाळीसगांवजवळील पाटण येथें मठ स्थापन केला, असें तेथील शिलालेखावरून कळतें. म्हणजे शून्याचें हें कोडें आठशें वर्षांपूर्वीं महाराष्ट्राच्या भूमीवर अभ्यासिलें जात होतें.

आजचें गणित शून्यानें भागण्यास साफ नकार देतें, आणि त्याचें कारण साधें आहे. बारांना चारांनीं भागणें म्हणजे चारांची किती पट केली असतां बारा होतात हें शोधणें. पांचांना शून्यानें भागावयाचें तर शून्याची किती पट पांच होते हें शोधावें लागेल. तशी संख्या एकहि नाहीं, कारण शून्याची कोणतीहि पट शून्यच. शून्याला शून्यानें भागावयाचें तर सर्वच संख्या उत्तर म्हणून पुढें येतील. पहिल्या ठिकाणीं उत्तर नाहीं, दुसऱ्या ठिकाणीं उत्तरांची गर्दी. दोन्हीं ठिकाणीं भागाकाराला अर्थ उरत नाहीं. ज्या चुका महावीराचार्यासारख्या विद्वानाच्या ग्रंथांत सांपडतात, त्याच एखाद्या मुलाच्या पाटीवर दिसल्या तर त्याला मंदबुद्धि ठरविण्याची घाई करूं नये, एवढा बोध शिक्षकांनीं ह्यावरून घ्यावा.

आतां कोऱ्या जागेचा जो प्रश्न मागें राहिला, त्याकडे वळणें प्राप्त आहे. भारतांत रोज सकाळीं साडेआठ वाजतां पर्जन्यमापकांतील पाणी मोजून मागील चोवीस तासांचा पाऊस नोंदविण्याची रीत आहे. समजा, एका ठिकाणीं सोमवारीं १२, मंगळवारीं ०, बुधवारीं ८, गुरुवारीं ०, शुक्रवारीं ०, शनिवारीं ३० आणि रविवारीं ६ मिलिमीटर अशी नोंद झाली. आठवड्याची बेरीज ५६ मिलिमीटर, आणि रोजची सरासरी ८. कोरडे दिवस बेरजेंत कांहींच भर घालीत नाहींत म्हणून कोणी ते गाळले आणि ५६ ला चारांनींच भागलें, तर सरासरी १४ येईल आणि आठवडा होता त्याहून कितीतरी ओला दिसेल. शून्यानें बेरीज बदलत नाहीं. पण शून्याचा दिवस हाहि एक दिवसच असतो, आणि सरासरींत दिवस मोजावे लागतात.

उलट चूक ह्याहूनहि घातक आहे. समजा, शुक्रवारीं मोजणारा मनुष्य आलाच नव्हता, आणि नोंदवहींतील मोकळी जागा वाईट दिसते म्हणून कोणीं तरी मागाहून तेथें शून्य लिहून टाकलें. बेरीज पूर्वींप्रमाणेंच ५६ राहिली, म्हणून तपासणाऱ्याला कसलाच संशय आला नाहीं. परंतु त्या दिवशीं आकाश कोरडें होतें कीं मुसळधार पाऊस पडला, हें आतां कोणालाहि कळणार नाहीं. मोजलेल्या सहा दिवसांची सरासरी सुमारें ९.३ होती, ती वहींत ८ झाली, आणि पाऊस पडलाच असेल तर खुद्द ५६ ही बेरीजहि खोटी ठरली. अशाच आंकड्यांवरून कोणी शेतकरी पेरणीचा दिवस ठरवितो, कोणी बंधाऱ्याचें पाणी सोडतो. शून्य मिळविल्यानें बेरीज हलत नाहीं, हा त्याचा गुणच येथें खोटेपणाला आडोसा देतो. म्हणून जेथें मोजून कांहीं आढळलें नाहीं तेथें शून्य अवश्य लिहावें, आणि जेथें मोजलेंच नाहीं तेथें तें कदापि लिहूं नये. परीक्षेला न बसलेला विद्यार्थी आणि बसून एकहि गुण न मिळविणारा विद्यार्थी, ह्या दोघांना एका ओळींत बसवूं नये, हाहि न्याय त्यांतलाच.

आतां पुन्हां त्या वर्गाकडे. हंशा ओसरल्यावर गुरुजींनीं त्या मुलीला जवळ बोलाविलें आणि तिच्या ओंजळींत चिंचेचे सात चिंचोके दिले.

"किती झाले, बाळ?"

"सात."

त्यांनीं तींत आणखी तीन टाकले. "आतां?"

"दहा."

"आतां पुन्हां सात कर पाहूं."

तिनें तीन चिंचोके काढून गुरुजींच्या हातावर ठेवले.

"मी तीन घातले, तूं तीन काढलेस. दोन्हीं मिळून तुझ्या ओंजळींत भर किती पडली?"

ती क्षणभर थांबली आणि हळूच म्हणाली, "पूज्य."

"म्हणून तुझे सात तुला जसेच्या तसे परत मिळाले," गुरुजी म्हणाले. मग त्यांनीं फळ्याकडे वळून, मघाशीं लिहिलेल्या सात अधिक शून्य बरोबर सात ह्या ओळीखालीं एक रेघ ओढली, आणि वजाबाकीचा धडा तेथूनच सुरू केला.